‘तुरळक’ म्हणजे किती?

ऑक्टोबर महिन्यात वर्तमानपत्रांत अशा अर्थाचे वाक्य हमखास वाचायला मिळते : मराठवाड्यात येत्या दोन दिवसांत तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस पडेल, शेतकऱ्यांनी योग्य ती काळजी घ्यावी. हे वाक्य चूक नाही. पण ते शेतकऱ्याच्या फारसे उपयोगाचेही नाही, असे आम्हांला वाटते.

हवामानखात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ ही नेमकी संज्ञा आहे. विभागातील जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक’. २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’. म्हणजे हा शब्द पावसाचा विस्तार सांगतो, जोर नव्हे. वाचणारा मात्र त्याचा अर्थ ‘किरकोळ पाऊस’ असा घेतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पडणारा मुसळधार पाऊसही तुरळक ठिकाणी पडू शकतो. शिवाय मराठवाडा म्हणजे आठ जिल्हे. त्यांत आपले गाव कुठे बसते?

ढोबळमानाने, गावागावांतील फरक बाजूला ठेवला तर, ‘तुरळक’ म्हणजे एका गावी पाऊस येण्याची शक्यता फार तर चारांत एक. आता दोन शेतकरी घेऊ. आकडे आपण मानलेले आहेत. पहिल्याचे सोयाबीन कापून शेतात पडले आहे. ते गोळा करून ताडपत्रीने झाकायला १,००० रुपये लागतील; भिजले तर दाणे डागाळून १०,००० रुपयांचे नुकसान. शक्यता दहांत एकाहून अधिक असली तरी त्याने झाकणेच शहाणपणाचे. दुसऱ्याला कपाशीवर फवारणी करायची आहे. औषध धुऊन गेले तर २,००० रुपये वाया. फवारणी लांबवली तर अळीमुळे १,००० रुपयांचे नुकसान. शक्यता निम्म्याहून कमी असेल तोवर त्याने फवारावे.

अंदाज एकच, पण एकाने पाऊस येईल असे धरून चालायचे आणि दुसऱ्याने येणार नाही असे! मग ‘योग्य ती काळजी’ म्हणजे नेमकी कोणती?

पीकवार सल्ला मिळत नाही असे नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातून मंगळवारी व शुक्रवारी तो प्रसिद्ध होतो. पण वर्तमानपत्राच्या चार ओळींत पिकेही गळतात आणि टक्केवारीही. निदान ‘तुरळक’चा अर्थ चौकटीत छापायला काय हरकत आहे?

शाळेत एक प्रयोग करता येईल. पर्जन्यमापकातील पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजून आदल्या दिवसाच्या अंदाजाशेजारी लिहावा. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पडला तर तो पावसाचा दिवस धरावा. हंगामाअखेर मोजावे : ‘तुरळक’ म्हटलेल्या दिवसांपैकी किती दिवस आपल्या गावी पाऊस आला? चारांत एक या आमच्या ढोबळ आकड्यापेक्षा, वर्षावर्षाने वाढत जाणारी ही नोंद त्या गावाला अधिक उपयोगी पडेल.