‘तंत्रस्नेही’ म्हणजे नेमका कोणाचा स्नेही?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



‘शिक्षक आणि नवे वेब-तंत्रज्ञान’ असा विषय मला दिलेला आहे. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. आमच्या हातात एखादं उपकरण दिलं, की ते चालवून बघण्याआधी आम्ही त्याचं नाव तपासत बसतो. आमची ही खोड लोकांना कंटाळवाणी वाटते, पण कधीकधी ती उपयोगी पडते. म्हणून आज मी एकच शब्द घेणार आहे. गेली आठ-दहा वर्षं महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत तो ऐकू येतो. शासनाच्या कागदांत आहे, सत्काराच्या फलकांवर आहे, शिक्षक स्वतःच्या नावापुढेही तो लावतात. तो शब्द म्हणजे ‘तंत्रस्नेही शिक्षक’.

शब्द गोड आहे. पण मला सांगा, स्नेही कोणाचा? तंत्राचा! शिक्षकाचा गौरव करताना आपण ‘विद्यार्थिस्नेही’ म्हटलं नाही, ‘विषयस्नेही’ म्हटलं नाही. ॲरिस्टॉटलने मैत्रीवर फार बारकाईने लिहिलं आहे. उपयोगासाठीची मैत्री, सुखासाठीची मैत्री आणि एकमेकांच्या चांगुलपणासाठीची मैत्री असे तीन प्रकार तो करतो. आणि त्याआधी एक साधी गोष्ट सांगतो, की निर्जीव वस्तूशी मैत्री होत नाही. कारण ती वस्तू उलट स्नेह करत नाही, आणि तिचं भलं व्हावं असं आपणही इच्छित नाही. मद्य आवडणारा माणूस मद्याचं कल्याण चिंतत नाही; ते टिकावं आणि आपल्याला मिळावं, एवढंच त्याला वाटतं. तेव्हा तंत्राशी आपलं नातं फार तर उपयोगाचं. उपयोगाच्या नात्यात पहिला प्रश्न असतो: उपयोग कशासाठी, आणि कोणाचा? ‘स्नेह’ हा शब्द वापरला की हा प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटू लागतं. त्या शब्दावर माझा पहिला आक्षेप हा आहे.

आता ‘तंत्र’ बघा. संस्कृतात या शब्दाचा एक जुना अर्थ माग असा आहे, मागावर ताणलेले उभे धागे असाही आहे. ‘तन्’ म्हणजे ताणणं, पसरणं. आणि गंमत अशी, की इंग्रजीतला ‘वेब’ हा शब्दही विणण्यावरूनच आलेला आहे. म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी विणकर बसलेला आहे. आपण मात्र शिक्षकाला विणकर न करता कापडाच्या गठ्ठ्यांचा हमाल केलं. शब्द कडक आहे, पण तो मी जाणूनबुजून वापरतो आहे. का, ते सांगतो.

थोडा इतिहास पाहू. 1984 साली केंद्र सरकारने निवडक माध्यमिक शाळांत संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. बीबीसी मायक्रो नावाचे संगणक तेव्हा शाळांत आले. पुढे आपल्याकडे एमएस-सीआयटी आली. प्रमाणपत्र नसेल तर वेतनवाढ अडकण्याची भीती शिक्षकांच्या डोक्यावर असायची. 2017 साली ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ आलं, त्याच वर्षी ‘स्वयम्’ आलं. 2019 साली ‘निष्ठा’ नावाचं प्रशिक्षण सुरू झालं, सुमारे 42 लाख शिक्षकांसाठी. कोविडमध्ये ते समोरासमोर घेणं अशक्य झालं, तेव्हा 18 अभ्यासक्रमांच्या रूपात तेच ‘दीक्षा’वर गेलं. शिक्षकांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, प्रश्नमंजुषा सोडवली, प्रमाणपत्र उतरवून घेतलं आणि त्याचा फोटो गटावर टाकला.

यंत्रं बदलली, नावं बदलली. पण इतक्या वर्षांत शिकवण्याची पद्धत किती बदलली? आधीही ‘इथे दाबा, मग हे उघडेल, मग तिथे दाबा’ असंच होतं, आताही तसंच आहे. परवा कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या एका प्रशिक्षणाची टिपणं कोणीतरी मला दाखवली. त्यात काय होतं? चॅटजीपीटीला सूचना कशी लिहायची, त्याच्या पायऱ्या. पायरी एक, पायरी दोन, पायरी तीन.

गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ हे पुस्तक 1949 सालचं. ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक कसं करायचं हे येणं’ यातला त्याने केलेला भेद प्रसिद्ध आहे. पण त्याच प्रकरणात आणखी एक भेद आहे, त्याकडे आपलं लक्ष कमी जातं. तो भेद कवायत आणि प्रशिक्षण यांच्यातला. कवायतीने सवय लागते. हुकूम आला की हात आपोआप हलतो, आणि तिथे बुद्धीची गरज उरत नाही. प्रशिक्षणात नेमकं उलट असतं. तिथे माणसाचा स्वतःचा विवेक जागा होतो, तो प्रत्येक कृतीतून काहीतरी शिकतो आणि पुढची कृती सुधारतो. या कसोटीवर पाहिलं तर आपण लाखो शिक्षकांकडून केली ती कवायत, आणि तिला नाव दिलं प्रशिक्षण.

हे हवेतलं वाटत असेल तर तिसरीच्या वर्गात चला. 52 वजा 27. एक मुलगी उत्तर लिहिते 35. तिने काय केलं? दशकाच्या घरात पाचातून दोन गेले, तीन. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले, पाच. मोठ्यातून लहान वजा करायचं हा तिचा नियम. म्हणजे तिने विचार केलेला आहे, फक्त वेगळा केलेला आहे. आता तंत्रस्नेही शिक्षक काय करतो? पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करतो आणि दशक सुटा करून वजाबाकी कशी करायची याचा व्हिडिओ लावतो. व्हिडिओ चांगला असतो, रंगीत असतो, त्यात चूक नसते. मुलगी तो पाहते, मान हलवते आणि पुढच्या गणितात पुन्हा तेच करते. कारण तिचा नियम काय आहे हे व्हिडिओला माहीत नाही. ते कळण्याचा एकच मार्ग आहे: ‘बाळा, तू हे कसं केलंस, मला सांग बरं’ असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. ही गप्प बसण्याची कला कोणत्या प्रशिक्षणात शिकवली जाते?

मग वेबचा इथे काहीच उपयोग नाही का? आहे, आणि मोठा आहे. समजा, एका केंद्रातल्या दहा शाळांच्या शिक्षकांनी ठरवलं, की महिनाभर अशा उत्तरांचे फोटो काढायचे, मुलांची नावं झाकून एकत्र करायचे आणि महिन्याच्या शिक्षण परिषदेत त्यावर बोलायचं. ही मुलगी असं का करते? तुमच्या शाळेतही होतं का? तुम्ही काय केलंत? हाच फोन, हाच गट. पण इथे शिक्षक तज्ज्ञ आहे, निरीक्षक आहे, संशोधक आहे. वरून आलेली लिंक खाली ढकलणारा पोस्टमन तो इथे नाही. बरं, पोस्टमनचं काम मी कमी लेखत नाही, पण पोस्टमनने पत्र लिहावं अशी अपेक्षा कोणी करत नाही. शिक्षकाकडून मात्र ती करायलाच हवी.

वेबची मूळ कल्पनासुद्धा हीच होती, हे आपण विसरलो. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली सर्न या प्रयोगशाळेत वेबचा प्रस्ताव मांडला. पुढच्या वर्षी त्यांनी जो पहिला ब्राउझर तयार केला, त्यात पानं वाचता येत होती आणि लिहिताही येत होती. वाचक आणि लेखक यांच्यात भिंत नव्हती. भिंत नंतर उभी राहिली, आणि पुढे विकीसारख्या साधनांनी ती पुन्हा थोडी खाली आणली. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे. आपल्या शाळांत त्याचा वापर कसा होतो? प्रकल्पासाठी मजकूर उतरवून घ्यायला. पण प्रत्येक लेखाच्या वर ‘चर्चा’ आणि ‘इतिहास पहा’ असे दोन दुवे असतात, तिकडे किती शिक्षक मुलांना नेतात?

नेऊन बघा. आपल्याच तालुक्याच्या गावावरचा लेख उघडा आणि त्याचा इतिहास पाहा. कोणीतरी एक वाक्य लिहिलं, दुसऱ्याने ते खोडलं, तिसऱ्याने संदर्भ मागितला. नववीच्या मुलांना विचारा, यातलं कोणाचं बरोबर? कशावरून? आपल्या गावातल्या कोणाला विचारलं तर कळेल? ज्ञानमीमांसा म्हणून जो विषय मी पदव्युत्तर वर्गाला शिकवत होतो, तो इथे नववीच्या वर्गात, मराठीत, फुकट उपलब्ध आहे! ज्ञान आकाशातून पडत नाही. माणसं ते मिळून, भांडून, पुरावे देऊन घडवतात, हे डोळ्यांनी दिसतं. शिक्षकाला यासाठी कोणतं तंत्र यावं लागतं? एक दुवा दाबण्याचं. बाकी लागतो तो प्रश्न विचारण्याचा सराव. आपण दुवा दाबायला शिकवलं आणि प्रश्न गाळला.

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात एक गोष्ट आहे. थ्यूथ हा देव लिपीचा शोध लावतो आणि इजिप्तच्या थामस राजाकडे येऊन तिची स्तुती करतो. लिहिण्यामुळे स्मरणशक्ती दुबळी होईल, हे राजाचं उत्तर सगळ्यांना आठवतं. नव्या तंत्राच्या विरोधात बोलणारे लोक ते हमखास वापरतात. मला त्यात रस नाही. प्लेटोने हे सगळं लिहूनच ठेवलं आहे, नाही का! त्याआधी राजा जे म्हणतो ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याचा आशय असा, की कला निर्माण करणारा एक असतो आणि तिच्या वापराने भलं होईल की बुरं हे पारखणारा दुसरा असतो. शोधकर्त्याला आपल्या अपत्याची माया असते, म्हणून त्याने स्वतःच निवाडा देऊ नये.

आपल्या व्यवस्थेत हा निवाडा कोण देतं? ॲप बनवणारा म्हणतो उपयुक्त आहे. विकत घेणारं कार्यालय म्हणतं उपयुक्त आहे. किती शिक्षकांनी उतरवून घेतलं याचे आकडे म्हणतात उपयुक्त आहे. वर्गात जो रोज वापरतो, त्याला ‘हे उपयोगाचं नाही’ असं म्हणण्याची मुभा आहे का? एखाद्या शिक्षिकेने विचारपूर्वक ठरवलं, की या धड्याला पडदा नको, चिंचोके हवेत, तर तिची नोंद ‘तंत्रस्नेही’ रकान्यात होईल का? होणार नाही. पण माझ्या मते तंत्र तिलाच खरं कळलेलं आहे. नकार देता येणं हा कौशल्याचा भाग आहे. प्रत्येक पदार्थात मसाला टाकणाऱ्याला आपण सुगरण म्हणत नाही.

आता दोन आक्षेप येतील, आणि ते खरे आहेत. पहिला असा, की संख्या लाखांत आहे. सगळ्यांना असं निवांत कसं शिकवणार? मान्य. पण संख्या मोठी आहे म्हणून कवायतीला प्रशिक्षण म्हणता येत नाही. आणि चांगली कल्पना वरूनच यावी लागते असंही नाही. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचंच उदाहरण घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते आपल्या मुलांकडे बघून सुरू केलं, पुढे राज्याच्या पुस्तकांत ते आलं, आणि 2020 साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. आपण त्यातून काय घेतलं? कोड घेतला. समोरच्या मुलाची अडचण ओळखून त्यावर स्वतः उपाय घडवायचा, ही त्यामागची वृत्ती तशीच राहिली. एका शिक्षकाच्या स्वातंत्र्यातून जन्मलेली वस्तू बाकीच्यांना वापराची सूचना म्हणून मिळाली.

दुसरा आक्षेप शिक्षकांचाच आहे: वेळ कुठे आहे? बरोबर आहे. ‘सरल’, ‘यू-डायस’, पोषण आहाराची नोंद, फोटो, लिंक, अर्ज. शिक्षकाच्या हातातल्या फोनचा बराच वेळ वरच्यांना माहिती पुरवण्यात जातो. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही मागणी घेऊन शिक्षक रस्त्यावर येतात, यापेक्षा लाजिरवाणं काय असेल? त्यांच्यापैकी अनेक जण फोन आपल्यापेक्षा सफाईने वापरतात. तंत्रज्ञानाने त्यांना काय दिलं आणि त्यांच्याकडून काय घेतलं, हा हिशेब कोणीतरी मांडला पाहिजे. तो मांडल्याशिवाय ‘शिक्षक नवं शिकायला तयार नसतात’ असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. प्रशिक्षण उपकरणापासून सुरू करू नका, वर्गातल्या एका अडलेल्या प्रश्नापासून सुरू करा. मग कोणतं उपकरण लागतं ते पाहा, आणि कोणतंच लागत नसेल तर तसं म्हणा. शिक्षकाला पाहायला एक लिंक दिलीत, तर लिहायला एक जागाही द्या, आणि तिथे त्याने लिहिलेलं कोणीतरी वाचा. आणि प्रमाणपत्रावरच्या प्रश्नमंजुषेत एक प्रश्न वाढवा: ‘हे साधन तुम्ही कधी वापरणार नाही, आणि का?’ या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येईल, तो शिकला असं समजायला माझी हरकत नाही.

‘तंत्रस्नेही’ हा शब्द आता रुळला आहे, तो जाणार नाही. राहू द्या. पण तो ऐकला की दर वेळी मनात विचारा, वर्गातल्या त्या 35 लिहिणाऱ्या मुलीचा स्नेही कोण?