स्तूपाचा झाला महादेव : समन्वय की विस्मरण ?

'समन्वय' हा शब्द मराठी सांस्कृतिक लेखनात फार स्वस्त झाला आहे. बौद्ध लेण्यात शेंदूर दिसला, स्तूपावर बेल वाहिलेला दिसला, की आमचे प्रवासवर्णनकार गहिवरतात आणि लिहितात, या मातीने सगळ्यांना पोटात घेतले. पोटात घेतले म्हणजे नेमके काय केले ? सांभाळले, की पचवून टाकले ?

हा प्रश्न मला साताऱ्या-सांगलीच्या डोंगरांनी घातला. हे दोन जिल्हे तसे एकाच घरचे. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके जुन्या साताऱ्यातलेच. १९४९ साली 'दक्षिण सातारा' निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या मुलखात बौद्ध लेणी आहेत, पण त्यांची नावे पाहा. शिरवळची लेणी 'पांडवदरा'. वाईजवळ लोहारे गावची लेणी 'पालपेश्वर'. कराडजवळ जखिणवाडीच्या डोंगरातली लेणी 'आगाशिव'. बुद्ध एकाही नावात नाही. ज्यांनी डोंगर कोरला ते भिक्षू आणि ज्यांनी पैसा दिला ते दाते गेले. राहिले पांडव आणि महादेव.

पालपेश्वरला स्तूपाचा वरचा भाग फोडून उरलेल्या गोल दगडाची पिंड झालेली आहे. मी तिथे उभा राहिलो तेव्हा माझ्याबरोबरच्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, पाया पडायचे की नाही ?" त्या प्रश्नाला समन्वयवाद्यांच्या पुस्तकात उत्तर नाही. ज्याला तो दगड स्तूप म्हणून ठाऊक आहे त्याने काय करायचे, याचा विचार त्यांनी कधी केलेलाच नाही, कारण असा माणूस त्यांच्या वाचकांत त्यांनी धरलेलाच नाही.

यावर कोणी म्हणेल, जगात सगळीकडे असेच होते. तसे होत नाही. कोरियाकडे पाहावे. तिथे १३९२ ते १९१० या जोसन राजवटीत कन्फ्यूशियन विचाराच्या सत्ताधाऱ्यांनी बौद्ध धर्माला दाबले. भिक्षूंना गुलाम, मांत्रिक, खेळकरी यांच्या पंगतीला बसवून नीच ठरवले. १८९५ पर्यंत राजधानीच्या वेशीत त्यांना शिरता येत नव्हते. (वेशीबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.) शहरातला विहार संपला, डोंगरातला टिकला. आज त्यांतले कित्येक डोंगर राष्ट्रीय उद्याने आहेत आणि सुटीच्या दिवशी लोक डोंगर चढायला म्हणून जातात ते विहाराच्या अंगणातून. गायासान डोंगरातल्या हेइन्सा विहारात तेराव्या शतकात कोरलेल्या त्रिपिटकाच्या ऐंशी हजारांवर लाकडी फळ्या अजून जपलेल्या आहेत.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. कोरियन विहारात मुख्य मंदिराच्या मागे, जरा उंचावर, एक लहानशी खोली असते. तीत पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि त्याच्याजवळ वाघ. हा सान्शिन, डोंगराचा देव. तो बुद्धाहून जुना, रानातल्या माणसांचा देव. लोक त्याच्याकडे मूल मागतात, आजार बरा कर म्हणतात. विहाराने त्याला हाकलले नाही आणि त्यानेही बुद्धाची जागा घेतली नाही. दोघांची नावे शाबूत आहेत. याला समन्वय म्हणावे. जिथे एकाचे नावच पुसले जाते, तिथे दुसरा शब्द शोधला पाहिजे.

लोहाऱ्याचा शेतकरी पालपेश्वराला नारळ फोडतो, त्याच्याशी माझे भांडण नाही. त्याला जे सांगितले गेले ते तो करतो. भांडण आहे ते लिहिणाऱ्यांशी. १८८५ सालच्या सातारा गॅझेटियरने, म्हणजे परक्या सरकारच्या दप्तराने, ही लेणी बौद्ध असल्याचे सरळ नोंदवले. त्यानंतरही आमचे गडकोटवाले लेखक किल्ल्याच्या एकेका बुरुजाला पान देतात आणि लेण्यांची बोळवण 'पांडवकालीन गुहा' एवढ्यावर करतात. हे अज्ञान म्हणावे तर छापील पुरावा शंभर वर्षांहून जुना आहे.

आणि आपण ? १९५६ नंतर बुद्ध आपला झाला, पण आपल्या साहित्यातला बुद्ध बहुधा अजिंठ्याचा किंवा सारनाथचा असतो. आपल्या आत्मकथनांत गावकूस आहे, चावडी आहे, पाणवठा आहे; गावामागच्या डोंगरातले लेणे फारसे भेटत नाही. आगाशिवला साठाहून अधिक लेणी आहेत, बहुतेक साधी, भिक्षूला पाठ टेकण्यापुरती. तिथला एक लेख दात्याचे नाव सांगतो : गोपाळाचा मुलगा संघमित्र. ना राजा, ना सेनापती. ज्या साहित्याने सामान्य माणसाला नायक केले, त्याला हा संघमित्र अजून दिसू नये ?

कराड हे नावही तपासावे. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावर 'करहकट' नगराने दिलेल्या दानाची नोंद आहे; साऱ्या गावाने मिळून दिलेले दान. कुड्याच्या लेण्यात याच गावच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे नाव आहे. कराडच्या शाळेतले पोर प्रीतिसंगमावर सहलीला जाते, तिथून आगाशिवचा डोंगर समोर दिसतो, आणि गुरुजी त्याला सांगतात, वर महादेवाचे देऊळ आहे.