आमची कोठेही शाखा नाही

'गजाली' म्हणजे आमच्या मालवणीत रिकामटेकड्या गप्पा. या शब्दाची पार्ल्याच्या हनुमान रोडवर हॉटेलची पाटी झाली, मग लोअर परळला शाखा निघाली आणि एक तर थेट सिंगापूरला! गजाली मारता मारता आम्ही वेंगुर्ल्यापर्यंत जाऊन येतो खरे, पण ही मजल भलतीच. ऊर भरून आला.

माझे भांडण शाखांशी नाही, एकूणच छापील मेनूकार्डाशी आहे. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना सरकारी बंदी. तरी कार्डावर सुरमई बारा महिने ड्यूटीवर! चार ठिकाणी एकच चव द्यायची तर दर्यापेक्षा बर्फावर भिस्त ठेवावी लागते.

मालवणात एका घरगुती खानावळीत मी ऐटीत सुरमई मागितली. काकींनी मानही वर केली नाही.

"सुरमय नाय आज. बांगडे आसत. बसा."

बसलो. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आलं, आणि भात तीनदा मागितला. हात धुताना सहज म्हटलं, "काकी, मुंबईत शाखा काढा की!"

"आणि दर्या कोण नेतलो? तुमी?"

मी सोलकढीचा आणखी एक पेला मागितला.