खर्ज ऐकू यावा म्हणून

बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. तुमच्या हातातल्या फोनच्या स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही. म्हणजे फोनवर गाणं ऐकताना बेसचा तो मूळ स्वर तुमच्या कानापर्यंत आलेलाच नसतो. तरी बेस कुठे चाललाय हे कळतं, कारण तार कधी एकच स्वर देत नाही. ४१ च्या जोडीला ८२, १२३, १६४, २०६ असे उपस्वर वाजत असतात. त्यातले वरचे कानावर पडले की त्यांच्यामधल्या अंतरावरून मेंदू तळाचा स्वर ताडतो, आणि तो ऐकू आल्यासारखा वाटतो.

बेसची पेडलं कशी निवडावीत याबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. प्रीअँप, डिस्टॉर्शन आणि फिल्टर ही दुकानात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली असली तरी तिन्ही एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत: तुमच्या स्वराचे कुठले उपस्वर ऐकणाऱ्यापर्यंत पोचवायचे? प्रीअँप असलेल्या उपस्वरांचा तोल बदलतो. डिस्टॉर्शन नवे उपस्वर तयार करतं. फिल्टर काही उपस्वर कापतो आणि कापण्याची जागा हलवत राहतो. आणि उत्तर बरोबर आलं की नाही हे एकट्या बेसवर कधीच कळत नाही. शेजारी ड्रम आणि गिटार वाजत असतानाच कळतं.

म्हणूनच पेडलच्या डेमो व्हिडिओंवर माझा राग आहे. एक माणूस, एक बेस, मागे रंगीत दिवा, आणि आवाज असा की पोटात धडकतो. त्यात खोटं काही नसतं. फक्त शेजारी कोणी नसतं. एकट्या बेसला खालपासून वरपर्यंत सगळी जागा मोकळी मिळते. बँडमध्ये तळाला किक ड्रम बसलेला असतो, मध्ये दोन गिटार आणि गायक, वर झांजा. बेसच्या वाट्याला एक अरुंद बोळ येतो. एकट्याने वाजवताना भरदार वाटणारा आवाज त्या बोळात शिरतच नाही, आणि तुम्ही आवाज वाढवता, मग गिटारवाला वाढवतो, मग सगळेच.

या मुद्द्यावर जुनेजाणते लगेच सांगतात, ‘टोन बोटांत असतो. जेम्स जेमरसनकडे कुठे पेडल होतं?’ खरं आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेमरसनचा फेंडर प्रिसिजन बेस अँपशिवाय थेट मिक्सरला जायचा. मार्विन गेचं १९७१ चं ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ऐका. आवाज गोल, मऊ, जवळजवळ बोथट. पण तो आपोआप आलेला नाही. त्याच्या तारा सपाट गुंडाळीच्या होत्या आणि त्या तो बदलायचा नाही, ब्रिजच्या झाकणाखाली फोम होता. हे सगळे उपस्वर कमी करायचे उपाय आहेत. प्रीअँप होताच, तो स्टुडिओच्या मिक्सरमध्ये होता. आणि इतका बोथट आवाज चालला, कारण त्याची बेसची ओळ स्वतःच एक चाल होती आणि अरेंजमेंटने तिला जागा सोडली होती. आठ मात्रा एकच स्वर धरून ठेवणाऱ्या मेटल गाण्यात तोच आवाज कोणाला सापडणारही नाही. तेव्हा जेमरसनकडून शिकायचं ते ‘पेडल नको’ हे नाही. गाण्याला किती उपस्वर हवेत हे ओळखायला त्याच्याकडून शिकावं.

आता प्रीअँप. आपल्याकडे कॉलेजच्या फेस्टला किंवा छोट्या पबमध्ये बेससाठी अँप मिळेलच असं नाही. साउंडवाला एक केबल पुढे करतो, ती सरळ मिक्सरला जाते. बॅटरी नसलेल्या, म्हणजे पॅसिव्ह बेसच्या पिकअपला साधारण एक मेगाओहमचा इनपुट लागतो. मिक्सरचा नेहमीचा इनपुट त्याहून पुष्कळ कमी असतो, आणि तिथे पिकअपचे वरचे स्वर मरतात. चांगला प्रीअँप-डीआय हे दुखणं मिटवतो. बेसला हवा तसा इनपुट देतो आणि पुढे असा सिग्नल पाठवतो की लांब केबलमधूनही गुणगुण न येता तो मिक्सरपर्यंत पोचतो. तुमच्या बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असेल, तर एक छोटा प्रीअँप आत आधीच बसलेला आहे. मग घाई करू नका.

या जातीतलं सगळ्यात प्रभावी पेडल म्हणजे टेक ट्वेंटीवनचं सॅन्सअँप बेस ड्रायव्हर. नव्वदच्या दशकात ते आलं आणि अँप न नेता अँपसारखा आवाज देणं ही बेसवाल्यांची सवय होऊन गेली. त्याचं मोठेपण मला मान्य आहे, पण त्याचा दोषही बरोबर तिथेच आहे. मूळ पेडलवर खालच्या आणि वरच्या पट्टीचे नॉब होते, मधल्या पट्टीचा नव्हता, आणि त्याचा स्वभाव मधली पट्टी खाली दाबण्याचा. एकट्याने वाजवताना हा आवाज महागड्या रेकॉर्डिंगसारखा वाटतो: तळ खोल, वर चकाकी. दोन गिटार सुरू झाल्या की मधली दाबलेली जागा त्या भरून टाकतात. उरते फक्त तारांची कटकट. कंपनीने पुढच्या आवृत्तीत मधल्या पट्टीचा नॉब दिला, यातच सगळं आलं. बेसचं बोलणं कळतं ते साधारण पाचशे ते हजार हर्ट्झच्या आसपास. म्हणून प्रीअँप बघताना पहिला प्रश्न मधल्या पट्टीचा विचारा. तळ किती हलतो ते नंतर.

डिस्टॉर्शनबद्दल एक गैरसमज असा की ते गिटारचं आहे आणि बेसने ते उसनं घेतलं. इतिहास जवळजवळ उलटा आहे. १९६१ साली मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं आलं. नॅशव्हिलमध्ये ते रेकॉर्ड होताना ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता आणि मिक्सरच्या एका बिघडलेल्या चॅनेलमुळे त्याचा आवाज फाटला. तो फाटलेला आवाज तसाच ठेवला गेला. लोकांना तो इतका आवडला की रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने तसाच आवाज काढणारं सर्किट बनवलं. तेच १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ म्हणून बाजारात आलं. फझचं पहिलं गाजलेलं पेडल एका बेसच्या फाटलेल्या आवाजाची नक्कल होती.

मग बेसवर डिस्टॉर्शन लावलं की तळ गायब होतो अशी तक्रार का येते? कारण गिटारच्या पुष्कळ पेडलांत सिग्नल फाडायच्या आधीच खालचे स्वर कमी केलेले असतात. आयबानेझच्या प्रसिद्ध ट्यूब स्क्रीमरमध्ये ही रेघ सुमारे ७२० हर्ट्झला आहे. त्याच्या खालच्या स्वरांवर सर्किट हळूहळू कमी जोर लावतं. गिटारला त्याने धार येते, बेसचं मात्र घर तळमजल्यावर असतं.

यावरचा इलाज बीटल्सच्या एका गाण्यात १९६५ सालीच ऐकू येतो. ‘थिंक फॉर युवरसेल्फ’मध्ये पॉल मॅकार्टनीचे दोन बेस आहेत, एक साधा आणि एक फझमधून. साधा बेस गाणं उचलून धरतो, फझवाला वरून टोमणे मारत फिरतो. आजच्या बेस पेडलांवर ‘ब्लेंड’ नावाचा जो नॉब असतो, तो हेच दोन ट्रॅक एका डबीत करतो: मूळ सिग्नल एका वाटेने, फाटलेला दुसऱ्या वाटेने, शेवटी दोन्ही एकत्र. बॉसच्या ओडीबी-थ्रीवर त्याला ‘बॅलन्स’ म्हणतात, बेस बिग मफवर ‘ड्राय’ असा खटका असतो. हेलसिंकीच्या डार्कग्लासने बी-थ्री-के पेडलात आणखी पुढचा विचार केला. त्यावर ‘ग्रंट’ नावाचा खटका आहे, तळाचा किती भाग फाडायला पाठवायचा हे तो ठरवतो. विकत घेण्याआधी एक तपासणी करा. ब्लेंड हळूहळू मध्यावर आणा. तळ अचानक पातळ झाला, तर दोन वाटांचे सिग्नल एकमेकांना खोडताहेत. असं पेडल ठेवून द्या.

उपस्वर वाढवून खर्ज ऐकवायची ही कल्पना आपल्या कानाला परकी नाही. काळी एकला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर असते, बेसच्या डी तारेच्या आसपास. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावली की ती तार झंकारते, आणि तिच्यातून वरचे स्वर उमलतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याचा अभ्यास मांडला. तार जिथे छेडली, त्या जागेमुळे जे उपस्वर निघायलाच नकोत, तेही घोडीच्या आकारामुळे निघतात, असं त्यांनी दाखवलं. मिरजेचा कारागीर जवारी काढतो तेव्हा कान लावून हेच उपस्वर जुळवत असतो. फझ आणि जवारीची यंत्रणा वेगळी, चव तर फारच वेगळी. पण झणत्कार किती असावा याचा निकाल दोन्हीकडे एकच: गाणाऱ्याला त्यातून सूर सापडतो का?

म्हणून डिस्टॉर्शनची मोजदाद गाण्यात मोकळ्या असलेल्या जागेने करावी. मेटॅलिकाच्या १९८३ च्या पहिल्या अल्बममधला क्लिफ बर्टनचा बेस सोलो अंगावर येतो, कारण सुरुवातीला तो एकटाच आहे आणि नंतरही सोबतीला फक्त ड्रम आहेत. रॉयल ब्लडच्या माइक केरचा बेस भिंतीसारखा उभा राहतो, कारण त्या बँडमध्ये गिटारवालाच नाही. या दोन आवाजांवर भुलून दोन गिटारांच्या बँडमध्ये तितकंच डिस्टॉर्शन लावलं, तर तिसरी गिटार तयार होते आणि बेस नाहीसा होतो. तिथे इतकंच पुरतं की बेस फाटल्याचं कोणाच्या लक्षात येऊ नये, पण पेडल बंद केल्यावर गाणं एकदम लहान वाटावं.

फिल्टर हा तिघांतला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात खर्चीक हट्ट. एन्व्हलप फिल्टर तुमच्या बोटाचा जोर मोजतो. जोरात छेडलं की फिल्टर उघडतो, स्वर विरत गेला की मिटतो. कानाला तो ‘ऊ’पासून ‘आ’पर्यंत तोंड उघडल्यासारखा लागतो, कारण आपणही स्वर बदलताना तोंडाच्या आकाराने उपस्वरच गाळत असतो. १९७२ च्या म्यूट्रॉन थ्रीने हा आवाज रूढ केला आणि बूट्सी कॉलिन्सने त्याला व्यक्तिमत्त्व दिलं. त्याचं १९७६ चं ‘आय्ड रादर बी विथ यू’ ऐकताना लय किती संथ आहे ते बघा. प्रत्येक स्वराला तोंड उघडायला आणि मिटायला वेळ मिळतो. वेगवान सोळा मात्रांच्या धावपळीत तोच फिल्टर अर्धवट उघडा राहतो आणि सगळे स्वर एकाच आवाजात बोबडे बोलतात.

फिल्टर आणि डिस्टॉर्शन यांत आधी काय, हा वादही इथेच सुटतो. डिस्टॉर्शन जोरातला आणि हळू असा फरक सपाट करतं. ते आधी लावलं तर फिल्टरला कापायला भरपूर उपस्वर मिळतात, पण बोटांचा जोर त्याला नीट कळत नाही. फिल्टर आधी लावला तर तो बोटांचं ऐकतो, पण त्याचं उघडणं-मिटणं डिस्टॉर्शनमध्ये थोडं दबतं. मला बोटांचं ऐकणारा फिल्टर हवा असतो, म्हणून माझा फिल्टर आधी. तुमची गाणी यंत्रासारख्या एकसारख्या आवाजाची असतील, तर उलटं लावा.

आमच्या जॅमरूममध्ये नवं पेडल आलं की एकच परीक्षा होते. पूर्ण बँड त्याच आठ ओळी दोनदा वाजवतो, पेडल चालू आणि पेडल बंद. एक जण दाराशी फोन धरून रेकॉर्ड करतो. मग सगळे मिळून ते फोनच्याच स्पीकरवर ऐकतात. बेसवाल्याला मत द्यायची परवानगी सगळ्यात शेवटी. ड्रमरला किकसोबत बेस सापडला का आणि गायकाला सूर धरता आला का, हे दोन प्रश्न आधी विचारले जातात. पुष्कळ सुंदर पेडलं या परीक्षेत पडली आहेत.

तेव्हा पैसे मोजके असतील, आणि परदेशी पेडलावर आयातशुल्क धरून ते मोजकेच असतात, तर माझा क्रम असा: आधी मधल्या पट्टीचा नॉब आणि डीआय असलेला प्रीअँप, कारण तो प्रत्येक कार्यक्रमात प्रत्येक गाण्यात चालू राहील. मग ब्लेंड असलेलं डिस्टॉर्शन, तेही बँडमध्ये गिटार किती आहेत ते मोजून. फिल्टर मित्राकडून महिनाभर मागून आणा. त्या महिन्यात त्याच्यासाठी एखादी नवी बेसलाइन सुचली तर विकत घ्या. जुन्याच लाइनवर तो शिंपडत बसलात, तर महिना संपताच परत करा.