सरासरीच्या खाली कोण?

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. १९६०-६१ मध्ये ग्रामीण भारतातले सुमारे एक तृतीयांश आणि शहरांतले सुमारे निम्मे लोक पुरेशा अन्नाला मुकलेले होते, हा त्याचा निष्कर्ष. आकड्यांवर पुष्कळ वाद झाला. पण खरा प्रश्न आकड्याच्या आधीचा आहे. उपाशी कोणाला म्हणायचे?

लेखकांनी माणशी रोज २२५० उष्मांक हे मान धरले. राष्ट्रीय नमुना पाहणीत खर्चाच्या कोणत्या गटाला सरासरीने तेवढे अन्न मिळते ते पाहून रेषा आखली. म्हणजे भूक थेट मोजलीच नाही; मोजला तो कुटुंबाचा खर्च. त्यातही मजुराला मालकाघरी मिळालेले जेवण पाहणीत मालकाच्या कुटुंबाच्या नावे पडे. मजुराची भाकरी मालकाच्या हिशेबात!

पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप आणखी खोलवर जाणारा होता. सरासरी गरज ही गटाची असते, व्यक्तीची नव्हे. एकाच वयाच्या, सारखेच काम करणाऱ्या दोन निरोगी माणसांची गरज वेगळी असते. एकाच माणसाचे खाणेही रोज बदलते. सरासरीलाच रेषा मानली, तर कितीतरी धडधाकट माणसे उपाशी ठरतील. म्हणून रेषा सरासरीच्या दोन प्रमाण विचलने खाली हवी. केतलेचा ‘सरासरी माणूस’ कुठल्याच घरात राहत नाही, हे सुखात्म्यांनी नेमके ओळखले होते.

पण इथून पुढची त्यांची उडी मान्य करता येत नाही. त्या खालच्या रेषेखालचा माणूस जवळजवळ नक्की उपाशी असतो. तिच्या वरचा पोटभर जेवलेला असतो, हे मात्र सिद्ध होत नाही. कमी खाऊन तगणाऱ्याची गरजच कमी असते, की त्याने वजन, श्रम आणि उमेद कमी केलेली असते? उष्मांकांच्या तक्त्यात दोघे सारखेच दिसतात. शिवाय सुखात्म्यांचा सिद्धांत व्यक्तीचा, तर पाहणी कुटुंबाची. शेवटी जेवणाऱ्या बाईचे ताट तिच्यात दिसतच नाही.

दोन्ही रेषा चुकतात. एक जेवलेल्याला उपाशी ठरवते, दुसरी उपाशाला जेवलेला. कोणती चूक पत्करायची, हे संख्याशास्त्र सांगत नाही. ती निवड नैतिक असते. दांडेकर-रथ यांनी गरिबी हटवण्यासाठी ग्रामीण सार्वजनिक कामांचा मार्ग सुचवला होता. तिथे पहिली चूक स्वस्त पडते: गरज नसलेला माणूस भर उन्हात खडी फोडायला सहसा येत नाही. दुसऱ्या चुकीची किंमत मात्र उपाशी माणूसच मोजतो. म्हणून काटेकोरपणात उणी असूनही त्यांची रेषा मला अधिक न्याय्य वाटते. उणीव एवढीच, की ही निवड त्यांनी मोजमापाच्या भाषेत झाकली. ती उघड मांडली असती, तर वाद उष्मांकांवर न अडता माणसाला किती मिळायला हवे, इथवर गेला असता.