झाडावरचा माणूस आणि घरातला पडदा

लाकूडतोड्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कुऱ्हाड पाण्यात पडते, देवता आधी सोन्याची कुऱ्हाड वर काढते, मग चांदीची. लाकूडतोड्या दोन्ही नाकारून आपली लोखंडी कुऱ्हाड मागतो. प्रामाणिकपणाचा हा धडा धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हीही कितीतरी वेळा दिला. परंतु तो माणूस नदीकाठी कोणते झाड तोडत होता, कोणासाठी तोडत होता, कुऱ्हाड हातून निसटली ती कशाने, हे आम्हांला एकाही मुलाने विचारले नाही आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही. गोष्टीला त्याच्या कामाशी कर्तव्य नाही, तिला केवळ त्याच्या नीतीची परीक्षा घ्यायची आहे. झाडावर काम करणाऱ्या माणसाकडे पाहण्याची आपली नजर अशाच गोष्टींतून घडली असावी, असे अलीकडे आम्हांस वाटू लागले आहे. त्याला कारण झाली एक चिंच आणि एक चित्रपट.

आधी चिंचेविषयी. आमच्या धर्मग्रामात दफनभूमीच्या कुंपणालगत एक जुनी चिंच आहे. चार वर्षांपूर्वी तिची एक जाडजूड फांदी धर्मशिक्षण वर्गाच्या पत्र्यावर झुकली. पावसाळ्यापूर्वी ती काढणे भाग होते. रीतसर परवानगी मिळाल्यावर एक वयस्कर गृहस्थ आले. खांद्यावर दोर, कमरेला कोयता, हाती करवत आणि सोबत वर पाहत उभा राहणारा एक मुलगा. आल्यावर अर्धा तास त्यांनी काहीच केले नाही. झाडाभोवती फिरले, बुंध्यावर हात फिरवला, फांदीखाली उभे राहून वर पाहिले. धर्मग्राम परिषदेचे सभासद घड्याळाकडे पाहू लागले. मग ते म्हणाले, "फादर, तीन कापांत काढू. पहिला खालून, अर्धवट. दुसरा वरून, थोडा बाहेरच्या अंगाला, म्हणजे फांदी पडताना साल सोलत नेणार नाही. मग उरलेला खुंट या फुगवट्याच्या बाहेरून. हा फुगवटा मात्र ठेवायचा. तो गेला की झाड आतून जातं."

परिषदेला तो फुगवटा पसंत नव्हता. खुंट राहिला तर काम अर्धवट वाटेल, बुंधा कसा गुळगुळीत दिसला पाहिजे, असे सर्वांचे मत पडले. आमचेही तेच होते. आम्ही म्हणालो, "अरे, सपाट कर आणि वर डांबर फास." ते आमच्याहून दहा वर्षांनी तरी मोठे असतील. "बरं, फादर," एवढेच म्हणून ते वर चढले. दीड तासात फांदी खाली आली. पत्र्याला ओरखडा नाही, कुंपणाची एक काडी हलली नाही. मजुरीचा आकडा ऐकल्यावर "दीड तासाचे एवढे?" हा प्रश्न कोणा सभासदाने नव्हे, आम्हीच विचारला. दोनशे रुपये कमी करून घेतले. लाकूड नेऊ का, असे त्यांनी विचारले, तेव्हा ते चर्चचे आहे, असे सांगण्यात आले.

इंग्लंड-अमेरिकेत या व्यवसायाला 'ट्री सर्जन', म्हणजे झाडांचा शल्यवैद्य, असे भारदस्त नाव आहे. नाव भारदस्त असले तरी तेथेही दीर्घकाळ ग्राहकाला जे दिसते तेच शास्त्र ठरत आले होते. फांदी बुंध्याशी सपाट कापायची, जखमेला रंग फासायचा, पोकळीत सिमेंट भरायचे. पैसे देणाऱ्याला उपचार झाल्याचे समाधान. अमेरिकेच्या वनसेवेतील अ‍ॅलेक्स शायगो (१९३०–२००६) या शास्त्रज्ञाने असंख्य खोड उभे चिरून आत काय घडते ते पाहिले. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग भिंती घालून वेगळा पाडते आणि त्याच्याभोवती नवे लाकूड वाढवते. फांदीच्या मुळाशी असलेला तो फुगवटा या भिंतींसाठी महत्त्वाचा. तो छाटला की कूज सरळ बुंध्यात शिरते, आणि वरचा रंग तिला थोपवू शकत नाही. आमच्या अंगणात करवत घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे ठाऊक होते. आम्हांला मात्र डांबरच हवे होते, कारण ते दिसते.

ग्राहकाची नजर ही अशी असते. माणूस खाली असतो तेव्हा तिला मजूर दिसतो, वर चढला की ती घड्याळ पाहते, आणि काम संपल्यावर जमिनीवर पडलेल्या लाकडाचा ढीग मोजते. झाडाभोवती फिरण्यात गेलेला अर्धा तास, ज्यात खरे काम झाले, तो तिच्या हिशेबात रिकामा वेळ. नाझरेथकरांनी प्रभूला 'सुतार' म्हणून निकालात काढले, असे मार्कच्या सहाव्या अध्यायात आहे. त्यांतल्या कितीजणांच्या घराची दारे त्याच सुताराच्या हातची असतील, हा विचार आम्ही प्रवचनात कधी मांडला नव्हता.

आता चित्रपट. १९९५ साली चित्रपटकलेला शंभर वर्षे झाली, तेव्हा व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. आम्ही त्या वेळी सेमिनरीत होतो. यादीतील एका चित्रपटाची व्हिडिओ कॅसेट कोणीतरी मिळवली आणि सामूहिक खोलीतल्या लहानशा टीव्हीवर आम्ही ती सलग पाहिली. एर्मान्नो ओल्मी (१९३१–२०१८) या इटालियन दिग्दर्शकाचा हा चित्रपट, 'लाल्बेरो देल्यी झोक्कोली', म्हणजे लाकडी जोड्यांचे झाड. १९७८ साली कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी तेथील ख्रिस्ती परीक्षक मंडळानेही, ज्यात कॅथलिक व प्रोटेस्टंट दोघे एकत्र बसतात, त्याचा गौरव केला. लांबी तीन तासांहून अधिक. नट एकही व्यावसायिक नाही. बेर्गामो परिसरातील खेडूत आपल्याच बोलीत बोलतात. छायाचित्रण आणि संकलनही ओल्मींनी स्वतःच केले.

काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. एका वाड्यात चार-पाच कुळे राहतात. घर, गोठे, जमीन, झाडे, काही जनावरे व अवजारे मालकाची. उत्पन्नाचे दोन हिस्से मालकाला, एक कुळाला. बातिस्ती नावाच्या कुळाचा मुलगा मिनेक हुशार आहे, त्याला शाळेत पाठवा, असे गावचे धर्मगुरू सांगतात. शाळा मैलोगणती दूर. एके दिवशी मुलाचा लाकडी जोडा तुटतो. घरात नुकतेच आणखी एक मूल जन्माला आले आहे, दुसरा जोडा घेण्याची ऐपत नाही. रात्री बाप बाहेर पडतो, पाण्याच्या कडेच्या रांगेतले एक झाड गुपचूप तोडतो आणि लाकूड लपवून घरी आणून त्यातून जोडा कोरतो. पुढे मालकाला तुटलेले झाड कळते, आणि कुटुंबाला घराबाहेर काढले जाते.

हाच चित्रपट गेल्या उपवासकाळात आम्ही एका घरी नेला. जेवणाचे आमंत्रण होते. आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे, असे आपल्याकडचे नेहमीचे भरले घर. पूर्वी कॅसेट भाड्याने आणली की पैसे वसूल व्हावेत म्हणून तरी सारे शेवटपर्यंत बसत. आता रिमोटच्या एका बटनाने दहा सेकंद पुढे उडी मारता येते. डुक्कर मारण्याच्या खऱ्याखुऱ्या दृश्याने धाकट्या नातीने डोळे झाकले (लहान मुले असतील तेथे वाचकांनी हे ध्यानात ठेवावे). विधवा आई आजारी गाईसाठी प्रार्थना करते, तिला ओढ्याचे पाणी आणून पाजते आणि गाय उठून उभी राहते, तो प्रसंग मात्र आजींनी हात जोडून पाहिला. त्यानंतर थोरल्या नातवाचा धीर सुटला. "फादर, काही होतच नाही. पुढे घेऊ?" यजमानांच्या घरी पाहुण्याने काय बोलावे? आम्ही "घे" म्हणालो. त्याने बटन चार-पाच वेळा दाबले, थांबला, पुन्हा दाबले.

शेवट आला. गाडीवर सामान चढते आहे, मुलगा रडतो आहे, शेजारी दारा-खिडक्यांआड आहेत. गाडी निघून गेल्यावरच ते बाहेर येतात आणि अंधारात दूर जाणारा कंदील पाहत उभे राहतात. "एका झाडासाठी घराबाहेर?" यजमान म्हणाले. नातवाला हे सारे अतिरेकी वाटले. आजींना पडद्यावरचे इंग्रजी वाचता येत नव्हते, त्या केवळ चित्रे पाहत होत्या. त्यांनी विचारले, "पण त्यानं झाड तोडलं कधी?"

कोणालाच उत्तर देता येईना. ती रात्रच आम्ही उडवली होती. बापाचे बाहेर पडणे, एकट्याने घातलेले घाव, लाकूड लपवून आणणे, कोरणे. त्या साऱ्यात फारसे संवाद नसल्याने तेथे 'काही होत नव्हते'. आणि ज्याने ती रात्र पाहिलेली नाही असा चित्रपटात आणखी एकजण आहे: मालक. त्याच्यापुढे येतो तो फक्त बुंधा. त्या घरातल्या सोफ्यावर बसून, हातात रिमोट घेऊन, आम्ही सगळे त्याच्याच जागी जाऊन बसलो होतो.

ओल्मींची खरी करामत येथे आहे. ते मालकाला दुष्ट रंगवत नाहीत, त्याच्यावर भाषणे रचत नाहीत. कामाला लागतो तेवढा वेळ ते पडद्यावर देतात. पाहणारा त्या वेळात टिकला तर शेवटी त्याला न्याय-अन्याय कोणी समजावून सांगावा लागत नाही, आणि टिकला नाही तर चित्रपट त्याला मालकाइतकेच कोरडे सोडतो. काही समीक्षकांनी या चित्रपटावर आक्षेप घेतला की यातली कुळे फारच सोशिक आहेत, श्रद्धेने त्यांना मुके केले आहे. सेमिनरीत हा आक्षेप आम्ही हिरिरीने खोडून काढला होता. आज तेवढा जोर राहिलेला नाही. शेजाऱ्यांचे ते दारांआड थांबणे आता आम्हांस अधिक टोचते. आणखी एक गोष्ट पूर्वी लक्षात आली नव्हती. मुलाला शाळेत पाठवण्याचा सल्ला धर्मगुरूंचा. सल्ला योग्यच होता. पण बिऱ्हाड निघते त्या वेळी धर्मगुरू कोठे दिसत नाहीत. ओल्मी त्यांच्यावर ठपका ठेवत नाहीत, कॅमेरा त्यांना शोधायलाही जात नाही. एका धर्मगुरूने हे पाहून काय म्हणावे?

त्याच मंडळींनी नंतर आमच्या आग्रहावरून विम वेंडर्स यांचा 'परफेक्ट डेज' (२०२३) पाहिला. टोकियोतील सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करणाऱ्या हिरायामाची ही कथा. कानच्या त्याच ख्रिस्ती मंडळाने २०२३ साली हिचा गौरव केला. हरवलेले मूल हिरायामाला सापडते, तो त्याचा हात धरून आईला शोधतो. आई येते, त्याच्याकडे पाहतही नाही आणि मुलाचा हात ओल्या कागदाने पुसते. एवढ्याशा दृश्यात ग्राहकाची नजर पुरी पकडली आहे. घरातल्या सर्वांना हा चित्रपट आवडला, नातवालाही. आम्हांस तो थोडा जास्तच निर्मळ वाटला. टोकियोतील नामवंत वास्तुशिल्पकारांकडून स्वच्छतागृहे बांधून घेण्याच्या उपक्रमातूनच तो जन्मला, आणि ते लपत नाही. तेथे घाण जवळपास नाहीच. हिरायामा दुपारी झाडांकडे पाहत बसतो, देवळाच्या आवारातले रोप पुजाऱ्याच्या संमतीने घरी नेतो. सुंदर आहे, पण त्याच्या मजुरीतून कोणी दोनशे रुपये कमी करत नाही. ओल्मींच्या वाड्यात हिशेबाची वही उघडी असते, म्हणून ते झाड आमच्या जास्त जवळचे.

त्या रात्री आजींच्या प्रश्नानंतर नातवाने चित्रपट मागे घेतला. नऊ वाजून गेले होते, दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा होती. बापाने कुऱ्हाड उचलल्यापासून जोडा तयार होईपर्यंत कोणी बोलले नाही. आजी मध्येच म्हणाल्या, "हात बघ त्याचे." ओल्मींनी खऱ्या शेतकऱ्यालाच उभे केले असल्याने ते हात नटाचे नव्हते, हे आम्ही त्यांना नंतर सांगितले. त्यांना त्याचे नवल वाटले नाही.

चिंच अजून उभी आहे. डांबर फासले होते त्या जागी आता पोकळी आहे. हात कोपरापर्यंत आत जातो आणि बाहेर काढल्यावर बोटांना भुसा लागतो. दफनभूमीच्या बाजूची दुसरी फांदीही कलली आहे. परिषदेच्या बैठकीत स्वस्तात काम करणाऱ्या दुसऱ्या कोणाचे नाव आले, ते आम्ही पुढे जाऊ दिले नाही. त्याच गृहस्थांना आम्ही फोन केला. या वेळी 'काका' म्हटले, आणि फोनवर क्षणभर शांतता पसरली. पोकळीचे सांगितले. तुमचे ऐकायला हवे होते, हेही सांगितले. मजुरी किती होईल, असे विचारल्यावर ते म्हणाले, "फादर, आधी झाड तर बघू द्या."