रंगमंदिराची पहिली पायरी

नाटकाचें परीक्षण लिहावयास बसलेला टीकाकार बहुधा पडदा वर गेल्या क्षणापासून आरंभ करतो. नाटककाराची रचना, नटांचा अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत यांचा तो क्रमानें विचार करतो आणि शेवटीं प्रेक्षकांनीं प्रयोगाचें स्वागत कसें केलें हें सांगून लेखणी खालीं ठेवतो. हे प्रेक्षक आंत आले कसे, आणि जे आले नाहींत ते कां आले नाहींत, हा प्रश्न त्याच्या कक्षेंत येत नाहीं. मराठींत ‘प्रवेश’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. अंकांतील प्रवेशांविषयीं आमच्या मासिकांतून पुष्कळ लिहिलें गेलें आहे. नाट्यगृहाच्या दारांतील प्रवेशाविषयीं फारच थोडें. प्रस्तुत लेख हें या दुसऱ्या प्रवेशाचें परीक्षण आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. अर्धांगवायूनें एक बाजू लुळी पडलेल्या माझ्या मावशीला घेऊन मी एका लहानशा नाट्यगृहांत गेलों होतों. तारुण्यांत तिनें संगीत नाटकांचे प्रयोग रात्र रात्र जागून पाहिलेले. पदें तिला तोंडपाठ. नाट्यगृहाच्या दाराशीं सहा पायऱ्या होत्या. व्यवस्थापक भला मनुष्य होता. त्यानें तत्काळ चार जणांस हांक मारली आणि मावशी चाकांच्या खुर्चीसकट उचलली गेली. रांगेंतील लोक बाजूला सरले. कांहींनीं हळहळही व्यक्त केली. आंत गेल्यावर खुर्ची ठेवावयास जागा नव्हती. मधली वाट अडवतां येत नाहीं, हें व्यवस्थापकाचें म्हणणें रास्तच होतें. अखेर भिंतीच्या कडेला, ध्वनिक्षेपकाच्या पेटीशेजारीं, तिला बसविण्यांत आलें. तेथून रंगमंचाचा डावा भाग दिसत नव्हता. मध्यंतरांत तिनें पाणी घेतलें नाहीं, कारण स्वच्छतागृहाकडे जातांना आणखी दोन पायऱ्या उतराव्या लागत. परततांना ती म्हणाली, “नाटक चांगलें झालें. पण पुन्हां मला असें उचलून आणूं नकोस हो.” त्यानंतर ती नाटकाला गेली नाहीं. त्या संध्याकाळीं तिच्याशीं कोणीही निर्दयपणें वागलें नाहीं, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. दोष तेथील माणसांचा नव्हता. तो इमारतीचा होता, आणि कोणतीही इमारत कोणाच्या तरी विचाराचें फळ असते.

हा विषय पुन्हां मनांत येण्यास भिवंडींतील धामणकर नाक्यावरील मीनाताई ठाकरे रंगायतन कारण झालें. यंत्रमागांचें गांव म्हणून भिवंडी देशभर प्रसिद्ध आहे; २०११ च्या जनगणनेंत तेथील वस्ती सात लाखांवर भरली. एवढ्या मोठ्या गांवांतील महानगरपालिकेचें हें नाट्यगृह दुरवस्थेमुळें कित्येक वर्षें बंद राहिलें. त्या काळांत व्यावसायिक नाटक पाहावयाचें तर भिवंडीकरांस कल्याणचें अत्रे रंगमंदिर किंवा ठाण्याचें गडकरी रंगायतन गांठावें लागे. ज्याच्यापाशीं वेळ, पैसा व वाहन असे तो जाई. बाकीचे घरीं बसत. आपल्याच नाक्यावर नाट्यगृह असावें, त्याच्यासमोरून रोज जावें यावें आणि त्याच्या आंत मात्र पाऊल टाकतां येऊं नये, हा अनुभव तेथील धडधाकट नागरिकांस आला. त्यांना तो अन्याय वाटला असल्यास नवल नाहीं. परंतु चाकांच्या खुर्चीवरील मनुष्याला हाच अनुभव गांवोगांवीं, प्रयोग चालू असलेल्या नाट्यगृहासमोरही येतो. इतरांचें दार दुरुस्ती होईपर्यंत बंद असतें. त्याचें दार दुरुस्तीनंतरही बंदच राहण्याचा संभव असतो. म्हणून जेव्हां एखाद्या जीर्ण नाट्यगृहाच्या नूतनीकरणाचा विचार होतो, तेव्हांच हा प्रश्न उपस्थित केला पाहिजे. खुर्च्यांचें कापड पांच वर्षांनीं बदलतां येतें. पायऱ्यांचें बांधकाम एकदां होऊन गेलें म्हणजे एक पिढीभर तेंच कायम राहतें.

हा विचार पाश्चात्यांकडून उसना आणलेला आहे, असें कोणी म्हणेल तर त्यानें भरताचें नाट्यशास्त्र उघडून पाहावें. मनुष्यांसाठीं मध्यम आकाराचें, ६४ हात लांब व ३२ हात रुंद असें नाट्यगृह भरतानें योग्य ठरविलें आहे. कारण त्याहून मोठें केल्यास उच्चार स्पष्ट ऐकूं येणार नाहींत आणि मुखावरील भाव दिसणार नाहींत. म्हणजे नाट्यगृहाचें माप प्रेक्षकाच्या डोळ्याकानांवरून घ्यावयाचें, बांधणाऱ्याच्या वैभवावरून नव्हे. प्रेक्षकांचीं आसनें जिन्याप्रमाणें चढत्या रचनेचीं असावींत, असेंही तेथें सांगितलें आहे. हेतु हाच कीं मागच्यालाही दिसावें. नाट्यगृहांतील पायरी सर्वांना दिसावें म्हणून आली. तीच पायरी आज कांहींना अडवीत असेल, तर भरताचा हेतु सोडून त्याचा जिना तेवढा आपण घेतला, असें म्हणावें लागेल.

आपल्या परंपरेंत याहूनही जवळचीं उदाहरणें आहेत. अंध धृतराष्ट्राला संजय युद्धाचें वर्णन सांगतो. अंध प्रेक्षकाच्या कानाशीं, संवादांच्या मधल्या विरामांत, रंगमंचावर काय चाललें आहे याचें वर्णन पोंचविण्याची पद्धति युरोप-अमेरिकेंतील नाट्यगृहांतून चालू आहे. तिची मूळ कल्पना आपल्याला नवी वाटावयास नको. आणि कूर्मदासाची कथा तर महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. हातपाय नसलेला हा भक्त लोळत पंढरपुरास निघाला. लऊळ येथें त्याची शक्ति संपली, तेव्हां विठ्ठल स्वतः त्याच्या भेटीस आला. देवानें राउळ सोडून भक्ताकडे यावें यांत वारकऱ्यांना देवाचा कमीपणा वाटला नाहीं. मग रंगमंदिरानें आपल्या पायऱ्यांशेजारीं एक उतार बांधावा, यांत त्याची शोभा उणावते असें कां वाटावें?

कायदा तर या बाबतींत आमच्या पुष्कळ पुढें आहे. अपंगांच्या हक्कांविषयींचा केंद्रीय कायदा १९९५ सालीं झाला व त्याच्या जागीं २०१६ सालचा अधिक व्यापक अधिनियम आला. त्यांतील २९ वें कलम सांस्कृतिक जीवन व करमणूक यांविषयीं आहे. ४५ व्या कलमाप्रमाणें जुन्या सार्वजनिक इमारती, नियम प्रसिद्ध झाल्यापासून पांच वर्षांच्या आंत, अपंगांस वापरतां येतील अशा करावयाच्या होत्या. नियम २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. अर्थात् ती मुदत २०२२ सालीं संपली. पुढें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, यासंबंधींचा पंधरावा नियम केवळ शिफारशीवजा असून मूळ कायद्याशीं विसंगत आहे असा निर्णय दिला आणि बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्र सरकारास दिला. मध्यंतरीं सरकारी भाषेंतून ‘अपंग’ हा शब्द जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द आला. शब्द बदलण्यास चुना-विटा लागत नाहींत. परंतु ज्याच्या अंगीं दिव्यत्व कल्पिलें तो पायऱ्यांवरून तरंगत आंत येतो, अशी तर आमची समजूत झाली नाहीं ना, अशी शंका कधीं कधीं येते.

या सुधारणेविरुद्ध घेण्यांत येणारे आक्षेप मुख्यतः तीन आहेत. पहिला असा कीं, असे प्रेक्षक येतातच किती? २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत २९ लाख ६३ हजारांवर अपंगांची नोंद झाली. तींत गुडघे दुखणारे वृद्ध धरलेले नाहींत. ते नाट्यगृहांत दिसत नाहींत म्हणून सोय नाहीं, आणि सोय नाहीं म्हणून ते दिसत नाहींत. ज्या विहिरीला दोर नाहीं तिचें पाणी कोणी पीत नसल्यास गांवाला तहानच नाहीं, असें अनुमान काढणें शहाणपणाचें नव्हे. दुसरा आक्षेप, आम्ही त्यांना प्रेमानें उचलून नेऊं, हा. त्याचें उत्तर माझ्या मावशीनें दिलेंच आहे. ज्यानें पूर्ण दराचें तिकीट घेतलें त्याला उपकाराखालीं आंत न्यावें लागतें, तेव्हां त्या तिकिटाचा अर्धा मोबदला दारांतच बुडतो. शिवाय आग लागली असतां ते चार मदतनीस कोठें असतील, हाही विचार करावा.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो प्रामाणिक आहे. लहान नाट्यगृहाची मिळकत थोडी असते. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहांत प्रायोगिक रंगभूमीनें जें कार्य केलें तें अपुऱ्या साधनांनींच केलें. त्या काळीं कोणी तिच्याकडे लिफ्टची मागणी केली असती तर ती विसंगत वाटली असती. परंतु प्रेक्षकाच्या अधिक जवळ जाणें हा ज्या रंगभूमीचा अभिमान आहे, तिनें कोणत्या प्रेक्षकाच्या जवळ जावयाचें हें एकदां ठरविलें पाहिजे. शिवाय महानगरपालिकेच्या नाट्यगृहास गरिबीची सबब पुढें करतां येत नाहीं. तें करदात्यांच्या पैशानें उभें असतें, आणि अपंग मनुष्यही कर भरतो.

प्रत्यक्षांत करावयाचें काय, हेंही सांगितलें पाहिजे. अन्यथा हा नुसता विलाप होईल. उताराची वाट, जिला सर्वत्र रॅम्प म्हणतात, ती एक फूट उंचीस बारा फूट लांब या प्रमाणांत हवी. अर्ध्या फुटाच्या सहा पायऱ्या म्हणजे तीन फूट उंची. तीस छत्तीस फुटांचा उतार आणि मध्यें विसाव्यास सपाट जागा. जागा कमी असल्यास उतार वळवून घेतां येतो. पुष्कळ ठिकाणीं नियम पाळल्याचें दाखविण्यासाठीं आठ-दहा फुटांत जो खडा उतार बांधतात, तो चढण्यास अशक्य व उतरण्यास धोक्याचा असतो. असा उतार नसलेला बरा. दारें सुमारें तीन फूट रुंद हवींत. प्रेक्षागृहांत दोन-तीन निरनिराळ्या दरांच्या रांगांत चाकांच्या खुर्चीसाठीं मोकळी जागा व तिला लागून सोबत्याची खुर्ची हवी. सर्व अपंगांना शेवटच्या रांगेच्या मागें एकत्र ठेवणें ही सोय नव्हे. स्वच्छतागृहांत खुर्ची वळण्यास पांच फुटांचें मोकळें वर्तुळ लागतें. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठीं रंगमंचावरील आवाज थेट त्या यंत्रांत पोंचविणारें तारेचें वेटोळें जमिनींत बसवितां येतें. आणि एक गोष्ट तर जवळजवळ फुकट आहे: दाराशीं पायऱ्या किती, उतार आहे कीं नाहीं, हें प्रयोगाच्या जाहिरातींत छापणें. घरून निघण्यापूर्वीं एवढें कळलें तरी दारांतून परत फिरण्याची नामुष्की टळेल.

आतां रंगमंचाच्या बाजूनें पाहूं. मराठी नाटकानें अपंगाचें दुःख दाखविलें नाहीं असें नाहीं. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकांतील मतिमंद मुलाच्या आईबापांची तगमग पाहून कित्येक प्रेक्षागृहें हेलावलीं. परंतु अशा मुलाला घेऊन आलेले खरे आईबाप प्रेक्षागृहांत बसले आणि तो मुलगा मध्येंच ओरडला, तर तेच हेलावलेले प्रेक्षक मान वळवून त्यांच्याकडे कसे पाहतात, हें आपण सर्व जाणतों. उलटपक्षीं, मराठींत ‘स्पर्शज्ञान’ हें ब्रेल पाक्षिक २००८ सालीं सुरू करणारे स्वागत थोरात यांनीं अंध कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’सारखे प्रयोग केले. पायऱ्यांच्या प्रश्नाला हीही बाजू आहे. रंगपटाकडे आणि रंगमंचाकडे जाणारी वाटही तितकीच सुगम पाहिजे; नाहींतर अपंग मनुष्य फार तर प्रेक्षक होईल, नट वा दिग्दर्शक होणार नाहीं, असें आपण बांधकामांतच लिहून ठेवल्यासारखें होईल.

सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हांपासून मराठी माणसानें नाटकावर प्रेम केलें आहे. हें प्रेम खरें असेल तर वाचकांनीं एवढेंच करावें: पुढच्या वेळीं तिकीट घेतांना, आपले पाय धड असले तरीही, “चाकांच्या खुर्चीची सोय आहे काय?” असें खिडकीवर विचारावें. हा प्रश्न ज्यांना गरज आहे त्यांनींच विचारावा अशी आजवरची रीत आहे. म्हणूनच त्याला उत्तर मिळालेलें नाहीं. धामणकर नाक्यावर असो वा अन्यत्र, उद्यां जें नाट्यगृह नव्यानें सजेल, त्याच्या पहिल्या प्रयोगाचें परीक्षण मी दारापासून सुरू करणार आहें.